स्टिअरिंग रॅकचा बूट: तपासणी, काळजी आणि बदली

सर्व्हिसिंगच्या बिलाखाली बारीक अक्षरात शेरा येतो: ‘रॅक बूट फाटला आहे. रॅक असेंब्ली बदलावी.’ या एका ओळीत दोन अगदी वेगळ्या किमतींची कामं एकत्र बांधलेली असतात. बूट म्हणजे काही शे रुपयांचं रबर, तर रॅक असेंब्ली म्हणजे हजारोंचा खर्च. बूट फाटला म्हणजे रॅक गेलीच असं मुळीच नसतं. फाटका बूट पावसाळाभर तसाच वागवला तर मात्र रॅक जायला वेळ लागत नाही. म्हणून सही करण्याआधी गाडीखाली स्वतः डोकवा. काय बघायचं ते कळलं की निर्णय तुमचा तुम्हाला घेता येतो, आणि हाताला पाने-पकडीची सवय असेल तर एका सुट्टीच्या दिवशी हे काम घरीही होतं.

बूट नेमका कुठे असतो

स्टिअरिंग फिरवलं की कॉलमच्या, म्हणजे स्टिअरिंगखालच्या दांड्याच्या, टोकाचं पिनियन (लहान दातेरी चाक) फिरतं आणि दातेरी दांडा, म्हणजेच रॅक, डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक बॉल जॉइंट असतो, त्याला आपल्याकडे सगळे ‘रॅक एंड’ म्हणतात. त्यातून निघालेल्या टाय रॉडवर बाहेरच्या टोकाला टाय रॉड एंड बसतो आणि तो चाकाच्या नकलला, म्हणजे चाक धरून वळवणाऱ्या भागाला, जोडलेला असतो. रॅक एंड आणि रॅकचा बाहेर येणारा भाग झाकणारा, पेटीच्या भात्यासारख्या घड्यांचा रबरी तुकडा म्हणजे बूट. त्याचं मोठं तोंड रॅकच्या हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, क्लॅम्पने आवळलेलं असतं आणि लहान तोंड टाय रॉडवरच्या खाचेत स्प्रिंग क्लिपने धरलेलं असतं.

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की एक बूट दबतो आणि दुसरा ताणतो. दबलेल्या बुटातली हवा हाउसिंगमधून किंवा बाहेरच्या बारीक नळीतून दुसरीकडे जाते. त्यामुळे डावा बूट फाटला तर पाणी आणि धूळ डावीकडेच थांबतील याची खात्री नसते. हवा ज्या वाटेने जाते त्याच वाटेने ओलही जाते.

हा बूट आणि ड्राइव्ह शाफ्टचा बूट, म्हणजे गॅरेजातला ‘एक्सेल बूट’, यांत गल्लत फार होते. एक्सेल बूट चाकाबरोबर फिरतो, त्यामुळे तो फाटला की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला चहूकडे उडालेलं दिसतं. रॅकचा बूट फिरत नाही. तो फाटला तरी ग्रीस जागच्या जागी ओघळतं, किंवा काहीच दिसत नाही. म्हणून तो लवकर सापडत नाही.

तपासणी: बुटातून काय निघतं ते वाचा

मे अखेरीस, पाऊस लागायच्या आधी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा, एवढं बघितलं तरी पुरे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे एक बूट ताणून घड्या उघडतील. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा बघा. चाक सरळ असताना बूट ठणठणीत दिसतो, कारण चिरा घड्यांच्या तळाशी असतात आणि ताण आल्याशिवाय त्या तोंड उघडत नाहीत. मोबाइलचा टॉर्च लावून, फोन चाकाच्या मागे नेऊन सावकाश व्हिडिओ काढला तर मान मोडून घ्यावी लागत नाही. मग इंजिन बंद करून बोटांनी बूट चेपून बघा. हात आत घालायचा तर गाडी जॅक स्टँडवरच (गाडी पेलणाऱ्या पक्क्या आधारावर) हवी, नुसत्या जॅकवर नको.

रबर मऊ आहे, बाहेरून बारीक जाळी पडली आहे पण आरपार चीर नाही, अशा बुटाला थोडे दिवस आहेत. चीर आहे, आतलं ग्रीस मात्र अजून एकसंध आणि स्वच्छ आहे, तर तुम्ही वेळेत आलात आणि नुसता बूट बदलला की काम झालं. चेपल्यावर तांबूस पाणी किंवा रेती मिसळलेला चिखल निघाला तर रॅक आतून बघायलाच हवी.

बूट धड आहे पण चेपल्यावर आतून पातळ तेल खळखळतं, असं असेल तर प्रकरण वेगळं आहे. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत याचा अर्थ रॅकचं ऑइल सील गेलंय. तिथे नवा बूट बसवणं म्हणजे गळक्या नळाखाली नवी बादली ठेवणं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान हॅचबॅकमध्ये पॉवर स्टिअरिंगची मोटर केबिनमध्ये, कॉलमवर असते आणि खालची रॅक साधी, बिनतेलाची असते. त्या बुटात पातळ तेल सापडलं तर ते इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं, वरून गळून आलेलं. गळती आधी थांबवा, कारण खनिज तेलाने भिजलेलं रबर फुगतं, मऊ पडतं आणि नवा बूटही त्याच वाटेने जातो.

आता ढिलेपणा. पुढचं चाक उचलून, स्टँड लावून, टायर ९ आणि ३ वर, म्हणजे आडवा, दोन्ही हातांनी धरून झटके द्या. ‘खट’ असा सूक्ष्म धक्का जाणवला तर दोष टाय रॉड एंड किंवा रॅक एंडमध्ये. कोणत्या, ते कळण्यासाठी दुसऱ्या माणसाला चाक हलवायला सांगा आणि तुम्ही बुटावरून आतला बॉल जॉइंट मुठीत धरा. जॉइंट गेला असेल तर खटका थेट तळहातात येतो. टायर १२ आणि ६ वर धरून खडखडला तर तो चाकाच्या बेअरिंगचा किंवा खालच्या बॉल जॉइंटचा विषय.

बूट फाटतो कशाने

वयाने फाटतोच. पण वेळेआधी फाटलेले बूट बघितले तर त्यातले बरेच पिळलेले असतात, आणि हा पीळ अलाइनमेंटच्या दुकानात पडलेला असतो. टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप, सेट करताना टाय रॉड त्याच्या अक्षाभोवती फिरवावा लागतो. लहान तोंडाची क्लिप सैल न करता आणि तिथे ग्रीस नसताना रॉड फिरवला की रबर रॉडला चिकटून बरोबर फिरतं. बूट पिळलेल्या फडक्यासारखा होतो. अशा बुटाच्या घड्या स्टिअरिंगच्या प्रत्येक वळणाला तिरक्या ताणल्या जातात आणि मोठ्या तोंडाजवळची पहिली घडी तुटते. यावर उपाय एकच, पण बिनखर्चाचा: अलाइनमेंट चालू असताना तिथे उभं राहा आणि ‘दादा, बूटची क्लिप सरकवून घ्या’ एवढं सांगा. काम संपल्यावर वाकून बघा. घड्या गोल, एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत.

दुसरा शत्रू म्हणजे पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळकं ऑइल मारायची जुनी सवय. पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते मारलं जातं, पण खालच्या प्रत्येक रबराचं त्याने नुकसान होतं. अँटीरस्ट कोटिंग करायचंच असेल तर बूट, बुश आणि ब्रेक होज झाकून करायला लावा.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा लाल चिखल घड्यांत बसून सुकतो आणि प्रत्येक वळणाला रबर घासतो. साध्या पाइपच्या पाण्याने, साबणाच्या फेसाने आणि मऊ ब्रशने धुवा. प्रेशर गनचं तोंड बुटाच्या कडेवर जवळून धरू नका, कारण त्या दाबाने पाणी क्लॅम्पखालून आत शिरतं. रबर चमकावायला पेट्रोल किंवा रॉकेलचं फडकंही नको. आणि आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभ्या गाड्यांत उंदीर. त्यावर खात्रीचा इलाज कुणाकडे नाही, गाडी हलती ठेवणं एवढंच.

सामान

बूट घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. त्याच मॉडेलमध्ये साधी रॅक आणि पॉवर रॅक यांचे बूट वेगळे असू शकतात, कधी डावा-उजवाही वेगळा असतो. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, मग कंपनीच्या काउंटरवर जा नाहीतर पुण्यात नाना पेठेत. दुकानातच तोंडांचा व्यास, लांबी आणि घड्या जुन्याशी ताडून बघता आल्या तर उत्तम. आखूड बूट पूर्ण वळणावर ताणून फाटतो, तर लांब बूट दबताना घडी आत ओढून घेतो. दोन्ही बाजूंचे बूट एकाच वयाचे असतात, म्हणून जोडीच घ्या.

फट असलेला, टाय रॉड न काढता गुंडाळून चिकटवायचा बूटही मिळतो. वाटेत अडकलात तर ठीक, पण त्याची शिवण घड्यांवरच येते आणि तिथे डिंक फार टिकत नाही. मी तो बसवणार नाही.

बाकी हवं ते असं: १७ आणि १९ चे पाने (लहान गाड्यांत बहुधा हेच लागतात, मोठ्यांत २१-२२ पर्यंत), व्हील पाना, टॉर्क रेंच, नोज प्लायर, साइड कटर, वायर ब्रश, हातोडा आणि शक्य असल्यास बॉल जॉइंट पुलर. नवे क्लॅम्प, क्लिपा आणि स्प्लिट पिना. लिथियम ग्रीस आतल्या जॉइंटसाठी आणि थोडं सिलिकॉन ग्रीस रबरासाठी. जॅक गाडीबरोबर येतो तो चालेल, पण एक मजबूत जॅक स्टँड हवाच. डिकीतला कात्री-जॅक गाडी उचलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

काम

आदल्या रात्री टाय रॉडचे आटे वायर ब्रशने घासून चेकनटवर (टाय रॉड एंड जागी पक्का धरणाऱ्या नटवर) डब्ल्यूडी-४० सारखं गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. सकाळी निम्मी झटापट वाचते.

गाडी सपाट, पक्क्या जागेवर. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा उटी लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-पाऊण आटा सैल करा. मग जॅक लावून गाडी उचला, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी स्टँड लावा आणि खाली शिरण्याआधी गाडीला बाजूने जोरात ढकलून बघा. चाक काढा. ते आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवलं तर आणखी एक आधार होतो. स्टिअरिंगचं लॉक उघडं ठेवा.

आता खुणा, आणि इथे घाई नको. चेकनट, टाय रॉड आणि टाय रॉड एंड या तिघांवरून जाणारी एक सरळ रेघ पांढऱ्या रंगाने किंवा नेलपॉलिशने ओढा. उघडे दिसणारे आटे व्हर्नियरने मोजा, फोटो काढा. एवढा खटाटोप का, याचा हिशेब असा: आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, साधारण दीड मिलिमीटर धरला तर टाय रॉड एंडचा एक पूर्ण आटा इकडेतिकडे झाला की रॉडची लांबी दीड मिलिमीटर बदलते. नकलचा हात आखूड आणि रिम मोठी, त्यामुळे रिमच्या कडेला हाच फरक चारेक मिलिमीटर होतो. टोची मुभा बहुतेक गाड्यांत एक-दोन मिलिमीटरचीच असते. म्हणजे अर्धा आटा चुकला तरी गाडी ओढायला लागते आणि टायर खायला लागते.

पहिल्यांदा चेकनट पाव आटा सैल करा, तोही टाय रॉड एंड नकलमध्ये पक्का असतानाच. एक पाना टाय रॉड एंडच्या चपट्या भागावर आणि दुसरा चेकनटवर. एंड मोकळा झाल्यावर चेकनट सोडवायला गेलात तर सगळंच गरगर फिरतं.

मग स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढा आणि टाय रॉड एंडचा नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, तीन-चार आट्यांवर राहू द्या. एंडच्या स्टडचा, म्हणजे नकलमध्ये बसणाऱ्या खिळीचा, भाग निमुळता असतो आणि तो नकलच्या भोकात घट्ट रुतलेला असतो. पुलर असेल तर लावा. नसेल तर हातोडीने स्टडवर नव्हे, नकलच्या ज्या कानात तो बसलाय त्या कानाच्या बाजूवर, आडवे ठाम ठोके द्या. दोन-चार दणक्यांत कान क्षणभर ताणला जातो आणि स्टड टप्पकन सुटतो. नट आट्यांवर असल्याने एंड निसटून पायावर येत नाही आणि आटेही बुजत नाहीत. दोन दात्यांची पाचर घालून उचकटायची पद्धत टाळा, कारण त्यात एंडचा छोटा डस्ट कव्हर हमखास फाटतो. मग एका बुटासाठी दुसरं रबर गेलं.

नट काढा, एंड नकलमधून बाहेर घ्या आणि उलट फिरवत काढा. किती आटे फिरले ते मोठ्याने मोजा आणि कागदावर लिहा. चेकनटही तसाच, मोजून.

लहान क्लिप प्लायरने चेपून सरकवा. मोठा क्लॅम्प बहुधा एकदाच वापरायचा असतो, तो साइड कटरने कापा. छिन्नी नको, हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि त्यावर चर पडली की नवा बूट तिथून पाणी घेत राहील. जुना बूट आता रॉडवरून सरकवून काढा. हवेची नळी बुटाला जोडलेली असेल तर ती कुठे होती त्याचा फोटो आधी घ्या.

रॅक उघडी पडली आहे, आता तिच्याकडे नीट बघा. जुनं ग्रीस धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून काढा. स्टिअरिंग हाताने सावकाश फिरवून रॅक पूर्ण बाहेर आणा. आपल्या उजव्या हाताच्या गाड्यांत पिनियन उजवीकडे असल्याने त्या बाजूला वळणाच्या टोकाला दाते दिसतात, तर डावीकडे गुळगुळीत गोल दांडा असतो. दात्यांच्या कडेला हलका तांबूस डाग पुसून निघत असेल तर चालतं. चकाकत्या दांड्यावर नखाला लागणारे खड्डे पडले असतील आणि रॅक हायड्रॉलिक असेल, तर त्या खड्ड्यांवरून सरकणारं सील आज ना उद्या गळणारच. तिथे पॉलिश पेपर मारून काही साधत नाही. रॅक एंडचा बॉल हाताने वळवून बघा. तो अडून, जडपणे फिरला पाहिजे. रॉड आपोआप खाली लोंबकळत असेल तर रॅक एंड बदलायची हीच वेळ, कारण बूट पुन्हा काढावा लागत नाही. नव्या रॅक एंडला लॉक वॉशर असेल तर तोही नवा.

बॉल जॉइंटला आणि दात्यांना लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या. बूट ग्रीसने ठासून भरू नका. जादा ग्रीस हवेची वाट बुजवतं आणि मग वळताना बूट आत ओढला जातो.

नव्या बुटाच्या लहान तोंडाच्या आतून आणि टाय रॉडच्या खाचेवर सिलिकॉन ग्रीस बोटाने फिरवा. पुढच्या वेळी अलाइनमेंटमध्ये रबर रॉडला चिकटणार नाही ते यामुळेच. बूट सरकवा, मोठं तोंड हाउसिंगच्या खोबणीत पूर्ण बसलंय का ते मागच्या न दिसणाऱ्या बाजूनेही बोट फिरवून बघा आणि हवेची नळी जागच्या जागी बसवा. या मोठ्या तोंडावर मात्र ग्रीस नको, ते घसरतं. क्लॅम्प आवळा, रबर दबेल इतका, कापेल इतका नाही. प्लास्टिकचा केबल टाय अनेक ठिकाणी लावतात. चांगल्या प्रतीचा, रुंद असेल तर तो टिकतोही, पण इंजिनच्या उष्णतेने स्वस्तातला टाय ठिसूळ होऊन तुटतो. लहान क्लिप खाचेवर बसवा.

चेकनट रंगाच्या रेघेपर्यंत, टाय रॉड एंड लिहून ठेवलेल्या आट्यांइतकाच. व्हर्नियरने पुन्हा मोजा. स्टड नकलमध्ये घाला आणि नट आवळा. स्टड नटाबरोबर फिरू लागला तर एंडखाली जॅक टेकवून हलका दाब द्या, निमुळता भाग रुतून फिरणं थांबेल. आवळायचा टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. भोक आणि नटाची खाच जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळून जुळवा, कधीही मागे घेऊन नाही. नवी स्प्लिट पिन घाला आणि तिचे पाय दुमडा. साधा नट नसून नायलॉनचा लॉकनट असेल तर तो नवा वापरा. शेवटी एंड सरळ, न कलंडलेला धरून चेकनट पक्का करा.

चाक लावण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बूट बघा. घड्या सारख्या उघडताहेत का, कुठे पत्र्याला घासतंय का, एखादी घडी आत गिळली जातेय का? दुसरी बाजूही अशीच करा, पण एका वेळी एकच. एक बाजू खुणेसाठी शाबूत असलेली बरी. चाक चढवा, गाडी खाली घ्या, नट फुलीच्या क्रमाने आवळा (लहान गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये) आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

त्यानंतर

आटे कितीही काटेकोर मोजले असले तरी अलाइनमेंट करून घ्याच. दुकानापर्यंत सावकाश जा. स्टिअरिंग मध्यभागी आणून लॉक केल्यावरच दोन्ही बाजूंचा टो सेट व्हायला हवा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं असा प्रकार होतो. ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत काम झाल्यावर डॅशवर दिवा लागला तर स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो. तो दिवा बूट चुकीचा बसल्याचा नव्हे.

नवा बूट वळताना ‘फुस्स’ आवाज करत असेल किंवा एका बाजूला चपटा होत असेल तर हवेची वाट बंद आहे: नळी निसटली असेल, बूट फिरून भोक झाकलं गेलं असेल किंवा ग्रीस जास्त झालं असेल. मोठा क्लॅम्प काढून पुन्हा बसवा. काही आठवड्यांत मोठ्या तोंडाजवळ चीर गेली तर क्लॅम्पची धारदार कड किंवा चुकीच्या लांबीचा बूट, या दोनच शक्यता आधी तपासा. पहिल्या मोठ्या पावसानंतर चिखल वाळायच्या आत दोन्ही बूट एकदा चेपून बघा. आत पाण्याचा आवाज आला तर मोठ्या तोंडाची मागची बाजू खोबणीबाहेर राहिली आहे.